अस्मानी-सुलतानी व रयतेस सरकारी साहाय्य : सूट, तहकुबी, तगाई व कौल यांच्या कागदांचें वाचन

१. प्रस्ताव

जुन्या दप्तरांच्या संग्रहांत सनदा, वतनपत्रें, महजर व निवाडपत्रें यांस जो मान मिळतो, तो गांवगाड्याच्या हिशेबी कागदांस मिळत नाहीं. कुलकर्ण्याच्या रुमालांतून निघणारे जमाबंदीचे तक्ते, कुळझाडे, वसूलबाकीच्या यादी व तगाईचीं खतें बहुधा 'किरकोळ' या सदराखालीं बांधून ठेवण्यांत येतात, आणि वाळवी लागल्यावर प्रथम तींच टाकून देण्यांत येतात. परंतु अवर्षण, अतिवृष्टि, गारा, टोळ किंवा लष्कराची धामधूम यांनीं बुडालेल्या कुणब्यास राज्यकर्त्यांनीं काय दिलें, हा प्रश्न ज्यास सोडवावयाचा आहे, त्यास सनदांचा उपयोग थोडा व या किरकोळ कागदांचा फार.

या प्रश्नासंबंधानें दोन प्रकारचीं मतें ऐकूं येतात. कोणी जुनें राज्य म्हणजे रयतेचें मायबाप असें समजून प्रत्येक सूटपत्रांत दानधर्म पाहतात. कोणी तें केवळ वसुलाचें यंत्र होतें असें म्हणून त्याच कागदांस कवडीची किंमत देत नाहींत. दोन्ही मतांचें मूळ एकच आहे. 'सरकारानें रयतेस दिलें' या एका वाक्यांत निदान पांच निरनिराळे व्यवहार मिसळलेले असतात : येणें सोडणें, येणें लांबविणें, कर्ज देणें, पुढील सारा चढत्या क्रमानें बांधून देणें, आणि परत न घेण्याच्या बोलीनें रोकड अथवा धान्य देणें. पहिले चार प्रकार जुन्या कागदांत पदोपदीं भेटतात. पांचवा, म्हणजे पीक बुडालें एवढ्याच कारणास्तव जमीन करणारास रोख रक्कम देण्याचा प्रकार, त्या मानानें अगदीं विरळा. हा भेद ध्यानांत ठेवून कागद कसा वाचावा, हें सांगणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

२. कारणाचा शब्द

अशा कागदांत प्रथम कारणाचा शब्द पाहावा. 'अस्मानी' म्हणजे आकाशांतून आलेलें संकट : पाऊस न पडणें, फार पडणें, गारा, हिंव. 'सुलतानी' म्हणजे राज्यकर्त्यांच्या किंवा लष्कराच्या हातून आलेलें संकट. परचक्रानें गांव लुटला तर ती सुलतानी हें उघड आहे; परंतु आपल्याच सरकारची फौज पिकांतून गेली, घोडीं उभ्या शेतांत चारलीं, तरी तीहि सुलतानीच. अशा नुकसानीस 'पायमल्ली' हा स्वतंत्र शब्द आहे. मामल्याच्या किंवा मक्त्याच्या करारांत 'अस्मानी-सुलतानी मजुरा' अशा अर्थाचें कलम असलें, तर संकटामुळें आलेली तूट कमावीसदाराच्या किंवा मक्तेदाराच्या देण्यांतून वजा व्हावयाची. तें कलम नसलें, तर तूट त्याच्या अंगावर, म्हणजे अखेरीस बहुधा कुणब्याच्याच अंगावर. यास्तव एखाद्या गांवचें सूटपत्र हातीं आलें असतां त्या महालाचा त्या सालचा करार जवळ आहे कीं काय, याचा शोध अवश्य करावा.

दोन्ही संकटें एकत्र आल्याचें ठळक उदाहरण इ. स. १८०३-०४ चें आहे. ऑक्टोबर १८०२ मध्यें यशवंतराव होळकरानें हडपसरची लढाई जिंकून पुणें घेतलें; फौजांच्या धामधुमीनें देश उजाड झाला, आणि त्याच सुमारास पावसानें दगा दिला. अशा वर्षाच्या कागदांत अस्मानी कोठें संपते व सुलतानी कोठें सुरू होते, हें निवडणें कठीण असतें. परंतु लिहिणारानें कोणता शब्द योजला आहे यावरून तूट कोणाच्या नांवें पडावी याविषयीं त्याचा मनोदय कळतो.

३. सूट व तहकुबी

सूट म्हणजे येणें कायमचें सोडणें. तहकुबी म्हणजे तें पुढें ढकलणें. व्यवहारांत या दोहोंची गल्लत नेहमीं होते, कारण सालअखेरच्या हिशेबांत दोन्हींमुळें वसूल सारखाच कमी दिसतो. समजा, एका गांवची जमा १,००० रुपये आहे, व पिकाची पाहणी होऊन वसूल ६०० रुपयेच आला. उरलेले ४०० रुपये 'वजा सूट' या सदरीं पडले असतील तर तो विषय संपला. ते 'बाकी' किंवा 'तहकूब' म्हणून लिहिले असतील, तर पुढच्या सालच्या जमेच्या डोक्यावर ते पुनः येऊन बसतात, आणि चांगल्या सालचें पीक मागल्या सालच्या बाकींत जातें. म्हणून एकाच सालचा ताळेबंद पाहून सरकारच्या औदार्याविषयीं निर्णय देऊं नये. लागोपाठ तीन-चार सालांचे कागद जुळल्यावांचून सूट खरी कीं नांवाची, हें कळत नाहीं.

दुसरी गोष्ट अशी कीं, सूट बहुधा गांवास मिळे, कुळास नव्हे. गांवच्या एकंदर आकारांतून रक्कम वजा होई, आणि ती कोणाच्या वांट्यास किती जावी हें गांवांत ठरे. पाटील-कुलकर्ण्यांच्या भाऊबंदांस अधिक व दुबळ्या कुळास कमी, असा प्रकार झाला असल्यास तो हुजूरच्या कागदांत दिसावयाचा नाहीं. तो पाहण्यास गांवचा कुळझाडाच पाहिजे. सरकारी दप्तरांतील सूटपत्र व गांवचा कुळझाडा हे एकाच व्यवहाराचे दोन तुकडे आहेत, आणि ते एकत्र सांपडणें हें संग्राहकाचें मोठें भाग्य समजावें.

राजे लोकांच्या मोठ्या सुटींचे जे आंकडे तवारिखांत येतात, तेहि याच दृष्टीनें पाहावे. इ. स. १६३०-३२ च्या भयंकर दुष्काळांत शहाजहान बादशहा बऱ्हाणपुरास होता. अब्दुल हमीद लाहोरीच्या बादशाहनाम्यांत दोन गोष्टी नमूद आहेत : एक, भुकेल्यांसाठीं लंगर घातले, व दर सोमवारीं ५,००० रुपये याप्रमाणें वीस सोमवारांत एक लक्ष रुपये गरिबांस वांटले, दुसरी, खालसा मुलुखांतील सुमारें ७० लक्ष रुपयांचा सारा सोडला. पहिली रक्कम खजिन्यांतून निघाली, पण ती शेतकरी म्हणून कोणास मिळाली नाहीं, भुकेला म्हणून मिळाली. दुसरी शेतीसंबंधाची खरी, परंतु ती खजिन्यांतून निघाली नाहीं. ती खजिन्यांत आली नाहीं, एवढेंच. ज्या मुलुखांत पीकच नव्हतें तेथून सारा आला तरी कोठून असता, हाहि विचार करावयास पाहिजे. असें म्हणण्यानें सुटीचें मोल नाहींसें होत नाहीं. न सोडलेलें येणें पुढें वर्षानुवर्षें माणसास गांवाबाहेर ठेवतें. परंतु दान व सूट यांची बेरीज एकत्र करूं नये.

४. तगाई

'तगाई' किंवा 'तकावी' हा शब्द बळ देणें या अर्थाच्या अरबी शब्दापासून आला आहे, आणि त्याचें मर्म त्यांतच आहे. ज्याचे हात आहेत पण बैल नाहींत, जमीन आहे पण बीं नाहीं, त्यास पुन्हां उभें करण्यापुरतें बळ द्यावें व पीक आल्यावर तें परत घ्यावें. ही दयेची बाब असेल, पण ती राज्याच्या हिताचीहि आहे, कारण पडीत जमीन सारा देत नाहीं.

हा विचार शिवछत्रपतींच्या ५ सप्टेंबर १६७६ च्या, मामले प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास लिहिलेल्या पत्रांत जितक्या स्पष्टपणें आला आहे, तितका अन्यत्र क्वचितच आढळेल. गांवोगांव फिरून कुणबी गोळा करावे. ज्यास माणूसबळ आहे पण बैल, नांगर, पोटास दाणा नाहीं, त्यास बैलांसाठीं रोख पैका व खाण्यास खंडी-दोन खंडी दाणा द्यावा. दिलेलें वाढीदिढीवांचून, केवळ मुद्दल, त्यास शक्ति येईल तसतसें हळूहळू उगवून घ्यावें. आणि या कामीं दोन लक्ष लारीपर्यंत खर्च पडला तरी तो मान्य आहे, असा त्याचा आशय आहे. जिंजी येथें राजाराम महाराजांच्या काळीं लिहिलेल्या सभासदाच्या बखरींतहि नव्या रयतेस गुरें, बीं व पोटगीचा दाणा-पैका देऊन तो ऐवज दोन-चार वर्षांनीं, कुळाची ऐपत पाहून, घ्यावा अशी रीति सांगितली आहे. पत्र व बखर या दोन स्वतंत्र साधनांची ही एकवाक्यता महत्त्वाची आहे. दोहोंतहि ऐवज परत घ्यावयाचा आहे. विशेष आहे तो परत घेण्याच्या रीतींत. पत्रांत व्याज नाहीं, आणि दोहोंत मुदत कुळाच्या शक्तीवर आहे.

पेशवाईंतील तगाईचे हुकूम गणेश चिमणाजी वाड यांनीं निवडलेल्या सातारकर महाराजांच्या व पेशव्यांच्या रोजनिशींत जमीनमहसुलाच्या प्रकरणीं पाहावयास मिळतात. परंतु हुकूम म्हणजे वांटप नव्हे. वांटप झालें कीं नाहीं हें कुळाच्या खतावरून व वसुलाच्या यादीवरून कळतें, आणि येथेंच संग्राहकानें एक सावधगिरी बाळगली पाहिजे. कर्ज फिटलें म्हणजे खत परत घेऊन फाडून टाकण्याची आपल्याकडे सार्वत्रिक चाल आहे. तेव्हां ज्या तगाईचा उद्देश सफल झाला, तिचें खत राहण्याचा संभव कमी. जी बुडाली किंवा जिच्याविषयीं तंटा झाला, तिचें खत शिल्लक राहण्याचा संभव अधिक. केवळ उपलब्ध खतांवरून तगाई नेहमीं थकत असे असा सिद्धान्त कोणी काढील, तर तो साधनांच्या या नैसर्गिक गाळणीमुळें फसलेला असेल. फिटलेल्या तगाईचा पुरावा खतांत नव्हे, तर वसुलाच्या यादींत शोधावा.

५. कौल व इस्तावा

गांव एका सालापुरता बुडाला तर सूट व तगाई पुरे. पण तो ओस पडला, कुणबी परागंदा झाले, तर मागील येणें सोडून भागत नाहीं; पुढील येणें काय हें आधीं सांगावें लागतें. त्यासाठीं कौल. पाटलास अभय देऊन, पहिल्या सालीं नांवाला थोडें, दुसऱ्या सालीं त्याहून कांहीं अधिक, असें चढत चढत कांहीं वर्षांनीं पूर्ण धाऱ्यास यावयाचें, अशी जी बांधणी तिला इस्तावा म्हणतात. इस्ताव्याच्या कागदावर सालें व रकमा ओळीनें असतात. वाचकानें पहिली रक्कम पाहून हुरळून जाऊं नये व शेवटची पाहून दचकूं नये. मधल्या पायऱ्या किती व त्या कशा चढतात यांत साहाय्याचें माप आहे. कौल मध्येंच मोडला गेला कीं काय हें पुढील सालांच्या जमेवरून ताडून पाहावें.

६. सालाची जुळणी

हे कागद बहुधा शुहूर सनानें लिहिलेले असतात. त्याचें साल मृगाबरोबर, म्हणजे जूनच्या आरंभीं, पालटतें. त्यामुळें जून ते डिसेंबरपर्यंतच्या तारखेस ५९९ व पुढें ६०० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. उदाहरणार्थ, सलास सबैन मया व अलफ म्हणजे ११७३. हें साल जून १७७२ पासून जून १७७३ पर्यंत चाललें. शेतकीच्या कागदांस हें साल फार सोयीचें आहे, कारण एक पावसाळा व त्यावरचीं खरीप-रब्बी दोन्ही पिकें एकाच सालांत पडतात. माघांत दिलेली सूट मागल्या पावसाची आहे, हें नुसत्या सनावरून समजतें. इसवी सन लावतांना डिसेंबर-जानेवारीची ओळ चुकली, तर एका दुष्काळाचे दोन होतात.

७. इंदापूर तालुक्याचें उदाहरण

सूट, तहकुबी व कर्ज हीं एकमेकांशीं कशीं बांधलेलीं आहेत हें समजण्यास पुणें जिल्ह्यांतील इंदापूर तालुक्याइतकें बोधप्रद उदाहरण नाहीं. भीमा व नीरा यांच्यामधला हा कमी पावसाचा प्रदेश. पेशवाई गेल्यावर प्रिंगल यानें जमिनीच्या निव्वळ उत्पन्नाचे शेंकडा ५५ हा सरकारचा वांटा धरून येथें सारा बसविला. तो कागदावर शास्त्रीय होता, परंतु जमिनीस पेलवेना. वर्षानुवर्षें मोठाल्या सुटी द्याव्या लागल्या. त्या सुटींत मधल्या कारभाऱ्यांचे हात ओले झाले. कुणबी गांव सोडून गेले व निम्म्याच्या आसपास जमीन पडीत राहिली. म्हणजे सारा जड व सूट वारंवार, असा तो काळ होता.

इ. स. १८३६ मध्यें गोल्डस्मिड यानें व पुढें विंगेट यानें येथेंच नवी पद्धति सुरू केली. धारा हलका करून तीस वर्षांसाठीं कायम केला. त्यामागील तर्क असा कीं, चांगल्या सालीं रयतेच्या पदरीं शिल्लक राहील व ती वाईट सालीं उपयोगी पडेल. सबब सुटीची गरज राहणार नाहीं. लागवड वाढली, हें खरें. परंतु सुटीचें दार जवळजवळ लागलें. चांगल्या सालची शिल्लक कुणब्याच्या घरांत न राहतां सावकाराच्या वहींत गेली, आणि वाईट सालीं सारा भरण्यास पैसा त्याच वहींतून येऊं लागला. तीस वर्षांनीं, इ. स. १८६६-६७ च्या सुमारास, फेरपाहणी होऊन इंदापुरांत धारा पुष्कळ वाढला. पुढें १२ मे १८७५ रोजीं शेजारच्या भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें दंगा झाला. त्यांत लोकांचा रोंख मुख्यतः सावकाराच्या वह्या व खतें यांवर होता. सरकारनें जें साहाय्य नाकारलें तें सावकारानें व्याजानें विकलें, आणि त्या व्यवहाराचा पुरावा अशा रीतीनें अग्नींत गेला.

८. सुटीचें नियमांत रूपांतर

त्यानंतर दोनच वर्षांत १८७६-७८ चा मोठा दुष्काळ आला, आणि ताठर वसुलाचे परिणाम सर्वांच्या दृष्टीस पडले. १८८० च्या दुष्काळ कमिशनानंतर दुष्काळाचे नियम तयार झाले. १८८३ च्या कायद्यानें विहिरी, बांध इत्यादि जमीनसुधारणेसाठीं, व १८८४ च्या कायद्यानें बीं, बैल व संकटनिवारण यांसाठीं तगाई देण्याची सोय झाली. नांव जुनें राहिलें, पण मुदत आतां कुळाच्या शक्तीवर राहिली नाहीं. ती हप्त्यांच्या तारखांवर गेली. १८९६-९७ च्या दुष्काळांत टिळकांच्या 'केसरी'नें व पुण्याच्या सार्वजनिक सभेनें सूट व तहकुबी हा नियमानें रयतेचा हक्क आहे, तो मागून घ्यावा, असें खेडोपाडीं सांगितलें. पूर्वीचें सूटपत्र प्रसाद म्हणून येई. आतां तें मागणी म्हणून लिहिलें जाऊं लागलें. अर्जांची भाषा यापुढें कशी पालटते, हें पाहण्यासारखें आहे.

हक्क आला म्हणजे माप आलें. तें माप म्हणजे आणेवारी : सोळा आणे पीक पूर्ण धरून त्या सालचें पीक किती आणे, याचा अंदाज. मुंबई इलाख्यांत चार आण्यांच्या आंत पीक असल्यास त्या सालचा सारा पूर्ण तहकूब करण्याचा नियम होता, आणि गुजराथेंतील खेडा जिल्ह्यांत १९१८ मध्यें जो सत्याग्रह झाला, तो मुळांत आणेवारी कोणाची खरी, याच वादांतून. या दृष्टीनें गांवचा आणेवारीचा तक्ता ही क्षुल्लक वस्तु नव्हे.

परत न घेण्याच्या बोलीनें शेतकऱ्यास ऐवज देण्याचा प्रकारहि याच सुमारास ठळकपणें दिसूं लागतो. १८९७ व १९०० सालच्या दुष्काळफंडांच्या उद्देशांत, सर्वस्व गमावलेल्यांस बैल व बीं घेऊन देऊन पुन्हां उभें करणें हा एक उद्देश होता. परंतु तो पैसा लोकांच्या वर्गणीचा होता, साऱ्याच्या हिशेबांतला नव्हे. म्हणून त्याचे कागद महसुली दप्तरांत न शोधतां फंडाच्या कमिट्यांच्या दप्तरांत शोधावे.

९. आजची रीत

स्वातंत्र्योत्तर काळांत नवें नाणें आल्यावर आणेवारीची पैसेवारी झाली, व पन्नास पैशांची मर्यादा महाराष्ट्रांत सर्वतोमुखीं झाली. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळसंहितेनें पर्जन्यमान, मातींतील ओल व उपग्रहांनीं टिपलेली पिकांची स्थिति यांवर भर दिला. साहाय्याचें स्वरूपहि पालटलें. जमीनमहसूल अल्प झाल्यामुळें त्याच्या सुटीस अर्थ उरला नाहीं, आणि जुन्या कागदांत जो पांचवा प्रकार विरळा होता तोच मुख्य झाला. २०२२-२३ ते २०२५-२६ या सालांसाठीं केंद्रानें ठरविलेल्या दरांनुसार, शेंकडा ३३ किंवा अधिक नुकसान झाल्यास, जिरायतीस हेक्टरीं ८,५०० रुपये, बागायतीस १७,००० रुपये व बहुवार्षिक पिकांस २२,५०० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेंत, असें मान होतें. पंचनामा होतो व रक्कम खातेदाराच्या बँकेंतील खात्यावर जमा होते. सूट गांवास मिळे. ही रक्कम खातेदारास मिळते. पाटलाच्या हातची वांटणी गेली, हा मोठा फरक होय. परंतु सातबारावर ज्याचें नांव नाहीं, जो दुसऱ्याची जमीन वांट्यानें करतो, तो या रीतींत सहज बाहेर राहतो. जुन्या कुळझाड्यांत प्रत्यक्ष जमीन करणाराचें नांव तरी सांपडे.

१०. संग्राहकांस विनंती

या सर्वांवरून संग्राहकांनीं करावयाच्या चार गोष्टी निघतात. पहिली, रुमाल सोडतांना कागदांचा मूळ क्रम मोडूं नये; सूट, बाकी व इस्तावा यांचा अर्थ लागोपाठच्या सालांवांचून लागत नाहीं. दुसरी, निवडक 'चांगले' कागद काढून घेऊन बाकीचे रद्दींत देऊं नयेत. तिसरी, यादी करतांना 'तगाईचा कागद' असें मोघम न लिहितां हुकूम, खत, वसुलाची नोंद कीं बाकीची यादी, हें स्पष्ट लिहावें. तसेंच शुहूर सन, कारणाचा शब्द, आणि लाभ गांवास कीं कुळास, हीं तीन कलमें प्रत्येक कागदापुढें द्यावीं. चौथी गोष्ट अर्वाचीन कागदांची. महसुली दप्तरखान्यांत कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात, व खालच्या वर्गांतील कागद मुदत भरतांच नष्ट करण्यांत येतात. पंचनामे, आणेवारीचे तक्ते, वांटपाच्या यादी यांस या नियमाची झळ लागण्याचा संभव मोठा. वतनाचे कागद लोकांनीं हक्कासाठीं जपले. तगाई फिटल्यावर तिचा कागद जपण्यांत कोणाचाच हक्क गुंतलेला नव्हता, म्हणून तो गेला.

एखाद्या तालुक्यांतील दहा-पांच गांवांचे तरी लागोपाठचे कुळझाडे, सूटपत्रें व बाकीच्या यादी एकत्र मिळाल्या, तर जुन्या राज्याच्या औदार्याविषयींचा वाद मतांवर न राहतां आंकड्यांवर येईल. ज्यांच्या घरीं असे रुमाल असतील, त्यांनीं ते सोडून पाहावे. आणि सोडण्यास सवड नसेल, तर निदान जसे आहेत तसे कोरड्या जागीं, दोरी न सोडतां ठेवावे.